हाडांचे वय वाचणारे डॉक्टर : लॉसन विल्किन्स

अमेरिकेत जन्मलेल्या बाळाला घरी नेण्यापूर्वी परिचारिका त्याच्या टाचेला बारीक सुई टोचते आणि रक्ताचे काही थेंब एका जाड कागदावर उतरवून घेते. बाळ क्षणभर रडते, आई त्याला छातीशी धरते आणि तो प्रसंग बहुतेकांच्या विस्मरणात जातो. त्या थेंबांवर ज्या अनेक विकारांची तपासणी होते, त्यांपैकी एक विकार अधिवृक्क ग्रंथींचा आहे. साधारणपणे पंधरा हजार बाळांमागे एकाला तो असतो. तो वेळेवर ओळखला गेला नाही, तर त्याचे तीव्र रूप असलेले मूल जन्मानंतर दोन-तीन आठवड्यांतच शरीरातील मीठ आणि पाणी गमावून दगावू शकते. ओळखला गेला, तर रोजच्या गोळ्यांवर ते मूल शाळेत जाते, खेळते, मोठे होते आणि पुढे संसारही करते. या दोन शक्यतांमधील अंतर ज्यांनी कमी केले, त्यांत बाल्टिमोरचे डॉ. लॉसन विल्किन्स यांचे नाव अग्रभागी आहे. बालकांच्या अंतःस्रावी ग्रंथींच्या विकारांचे शास्त्र स्वतंत्र शाखा म्हणून उभे करण्याचे श्रेय त्यांना दिले जाते.

विल्किन्स यांचा जन्म 1894 साली बाल्टिमोर येथे झाला. वडील त्याच शहरात वैद्यकीय व्यवसाय करीत. लॉसन यांनी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून पदवी घेतली आणि तेथील वैद्यकीय महाविद्यालयातच पुढील शिक्षण घेतले. पहिल्या महायुद्धाच्या काळात हॉपकिन्सचे एक वैद्यकीय पथक फ्रान्समध्ये गेले, त्यात तेही होते. परतल्यावर त्यांनी हॉपकिन्सच्या हॅरिएट लेन होम या बालरुग्णालयात जॉन हाउलंड यांच्या हाताखाली बालरोगशास्त्राचे शिक्षण घेतले. अमेरिकेतील बालरोगशास्त्राला प्रयोगशाळेची शिस्त लावणाऱ्या पिढीत हाउलंड यांची गणना होते. त्या शिस्तीचे संस्कार घेऊन विल्किन्स बाहेर पडले खरे, पण त्यांनी प्राध्यापकी पत्करली नाही. शहरात दवाखाना थाटला आणि दोन दशकांहून अधिक काळ मुलांचे डॉक्टर म्हणून खासगी व्यवसाय केला. ताप, खोकला, गोवर, जुलाब हेच त्यांचे दैनंदिन काम होते. पुढे जगभर मान्यता पावलेल्या या संशोधकाच्या आयुष्याचा मोठा भाग घरोघरी जाऊन रुग्ण तपासण्यात गेला, ही गोष्ट त्यांच्या चरित्रात दुय्यम नाही. एकाच मुलाला जन्मापासून तारुण्यापर्यंत पाहत राहण्याची सवय त्यांना येथेच जडली.

1935 साली त्यांच्या आयुष्याला वळण मिळाले. हॅरिएट लेन होमचे प्रमुख एडवर्ड्स पार्क यांनी निरनिराळ्या विकारांसाठी स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग सुरू करण्याचे धोरण आखले होते. हृदयविकारांचा विभाग हेलन टॉसिग यांच्याकडे, तर मानसोपचाराचा विभाग लिओ कॅनर यांच्याकडे सोपवण्यात आला होता. या दोघांनीही पुढे आपापल्या क्षेत्रात इतिहास घडवला. अंतःस्रावी ग्रंथींचा विभाग विल्किन्स यांनी सांभाळावा, असे पार्क यांनी सुचवले. विल्किन्स सुरुवातीला नाखूश होते. त्यांची नाराजी अनाठायी म्हणता येणार नाही. ग्रंथींच्या अर्कांचा त्या काळी बाजार मांडला गेला होता. लठ्ठपणा, बुटकेपणा, मंदपणा, अशक्तपणा अशा कोणत्याही तक्रारीवर कोणत्या तरी ग्रंथीचा अर्क देणारे वैद्य पुष्कळ होते, आणि त्यांच्या दाव्यांना मोजमापाचा आधार नव्हता. ज्या विषयाला शास्त्र म्हणावे की भोंदूपणा, असा प्रश्न पडावा, त्यात शिरण्यास एका चोख डॉक्टरने का-कू करणे स्वाभाविक होते. अखेर त्यांनी जबाबदारी स्वीकारली. खासगी व्यवसाय चालू ठेवून ते या विभागात काम पाहू लागले. दावा करण्यापूर्वी मोजायचे, एवढा एकच नियम त्यांनी स्वतःला घालून घेतला.

मोजायचे काय, हा प्रश्न होता. रक्तातील हॉर्मोनांचे सूक्ष्म प्रमाण सांगणाऱ्या आजच्यासारख्या चाचण्या तेव्हा नव्हत्या. विल्किन्स यांनी जे हाती होते ते घेतले. मुलाची उंची, वजन, शरीराच्या वरच्या आणि खालच्या भागांचे प्रमाण, ठरावीक काळाने काढलेली छायाचित्रे आणि हाताच्या मनगटाचे क्ष-किरण चित्र. लहान मुलाच्या मनगटातील छोटी हाडे एकदम दिसत नाहीत. ती ठरावीक क्रमाने कूर्चेतून हाडात रूपांतरित होत जातात. लांब हाडांच्या टोकाशी असलेल्या वाढपट्ट्या तारुण्य सरताना मिटतात आणि मग उंची वाढणे थांबते. ही चित्रे निरोगी मुलांच्या चित्रांशी ताडून पाहिली की त्या मुलाची हाडे किती वर्षांची झाली आहेत, ते सांगता येते. जन्मदाखल्यावरील वय आणि हाडांचे वय यांत काही महिन्यांचा फरक असणे सामान्य आहे. तो फरक वर्षांमध्ये मोजावा लागला, तर आत कोणती तरी ग्रंथी बिघडलेली आहे, असा निष्कर्ष निघतो. अवटू ग्रंथी मंद असलेल्या मुलांत हाडांचे वय मागे रेंगाळते आणि हाडांची टोके ठिपक्याठिपक्यांनी, ओबडधोबड तयार होतात, हे विल्किन्स यांनी 1941 साली सविस्तर मांडले. अवटूचे औषध सुरू केल्यावर मागे पडलेली हाडे पुढे सरकू लागतात, हेही त्यांनी वर्षानुवर्षांच्या नोंदींतून दाखवले.

अधिवृक्क ग्रंथींचा विकार याच्या उलट दिशेचा होता. तेथे हाडे पुढे धावत असत.

या विकाराचे स्वरूप समजून घेतल्याशिवाय विल्किन्स यांच्या कार्याचे मोल कळणार नाही. दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या बसलेल्या या लहानशा ग्रंथी तीन प्रकारचे स्राव तयार करतात. कॉर्टिसॉल आजारपण, इजा, उपवास अशा ताणाच्या प्रसंगी शरीराला तोलून धरते. अल्डोस्टेरोन शरीरातील मीठ राखते. तिसऱ्या प्रकारात पुरुषी हॉर्मोने येतात, ती थोड्या प्रमाणात मुलींच्या शरीरातही असतात. हे सर्व स्राव कोलेस्टेरॉलपासून टप्प्याटप्प्याने घडतात आणि प्रत्येक टप्प्यासाठी एक एंझाइम लागते. जन्मतःच त्यांपैकी एक एंझाइम सदोष असेल, तर कॉर्टिसॉलकडे जाणारी वाट अडते. मेंदूच्या तळाशी असलेल्या पोष ग्रंथीला कॉर्टिसॉलची उणीव जाणवते आणि ती अधिवृक्क ग्रंथींना अधिक काम करण्याचा हुकूम सोडत राहते. ग्रंथी फुगतात, कच्चा माल वाढतो, पण वाट अडलेलीच असते. पाटाच्या पाण्याला एका वाफ्याचे तोंड बंद मिळाले की ते शेजारच्या वाफ्यात शिरते, तसा तो सारा माल पुरुषी हॉर्मोनांकडे वळतो. परिणामी मुलीच्या बाह्य जननेंद्रियांची घडण गर्भातच मुलासारखी होऊ लागते आणि जन्माच्या वेळी बाळ मुलगा की मुलगी, असा संभ्रम पडतो. मुलग्यांत जन्मतः काही वेगळे दिसत नाही, पण तीन-चार वर्षांच्या वयात अंगावर केस, आवाजात घोगरेपणा आणि झपाट्याने वाढणारी उंची दिसू लागते. आई-वडिलांना काही काळ त्याचे कौतुकही वाटते. वर्गातील सर्वांत उंच असलेले ते मूल नवव्या-दहाव्या वर्षी वाढायचे थांबते, कारण त्याच्या हाडांनी तोवर पंधरा-सोळा वर्षे पार केलेली असतात. बालपणी सर्वांहून उंच आणि मोठेपणी सर्वांहून बुटके, अशी त्याची गत होते.

या विकाराचे पहिले सविस्तर वर्णन इटलीतील नेपल्स येथे लुइजी दे क्रेक्यो यांनी 1865 साली केले होते. पुरुष म्हणून जगलेल्या एका व्यक्तीच्या शवविच्छेदनात त्यांना गर्भाशय, बीजांडकोश आणि अवाढव्य अधिवृक्क ग्रंथी आढळल्या. त्यानंतर सुमारे पाऊण शतक लोटले, तरी उपचार असा नव्हताच. फुगलेल्या ग्रंथीचा भाग शस्त्रक्रियेने कापून काढण्याचे प्रयत्न झाले, पण त्यांनी मूळ दोष दूर होत नव्हता. उलट जे थोडेफार कॉर्टिसॉल तयार होत होते, तेही कमी होत असे.

विल्किन्स यांच्या कारकिर्दीतील सर्वांत हेलावून टाकणारा अनुभव याच विकाराशी निगडित आहे. साडेतीन वर्षांचा एक मुलगा अकाली वयात येण्याची लक्षणे दिसतात म्हणून रुग्णालयात दाखल झाला. तेथे त्याला इतर मुलांसारखाच नेहमीचा आहार देण्यात आला आणि सात दिवसांत तो मरण पावला. शवविच्छेदनात अधिवृक्क ग्रंथींचा विकार स्पष्ट झाला. त्यानंतर आई-वडिलांनी त्याच्या सवयींविषयी जे कळवले, त्याने डॉक्टरांचे डोळे उघडले. वर्षभराचा असल्यापासून तो बिस्किटांवरचे मीठ चाटून खात असे. पुढे त्याने मिठाचे भांडे ओळखले आणि नुसते मीठ खाऊ लागला. बोलायला शिकताना त्याच्या पहिल्या काही शब्दांत मीठ हा शब्द होता. हा पोराचा हट्ट नव्हता. अल्डोस्टेरोनअभावी मूत्रावाटे वाहून जाणारे मीठ ते लेकरू स्वतःच भरून काढत होते आणि त्यावरच जगत होते. रुग्णालयाच्या आहाराने त्याचे औषधच काढून घेतले. विल्किन्स आणि त्यांचे सहकारी कर्ट रिश्टर यांनी 1940 साली हा वृत्तांत अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. अधिवृक्क ग्रंथी काढून टाकलेले उंदीर निवड करण्याची मोकळीक मिळाल्यास खारे पाणी पिऊन तगतात, असे रिश्टर यांनी काही वर्षांपूर्वीच दाखवले होते. प्रयोगशाळेतील तो निष्कर्ष एका बालकाच्या मृत्यूतून सिद्ध व्हावा, हे दुर्दैव होते. आपल्याच संस्थेतील अपयश दडवून न ठेवता ते तपशिलासह छापणे, यात त्या काळच्या वैद्यकातील प्रामाणिकपणा दिसतो. आईने सांगितलेली बारीकसारीक गोष्ट टाचणात उतरली पाहिजे, हा धडा बालवैद्यकाला या प्रकरणाने दिला.

दुसऱ्या महायुद्धानंतर विल्किन्स खासगी व्यवसाय सोडून पूर्ण वेळ हॉपकिन्समध्ये आले. तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. याच सुमारास औषधशास्त्रात एक मोठी घटना घडली. मेयो क्लिनिकमधील एडवर्ड केंडल यांनी अधिवृक्क ग्रंथीतून वेगळे केलेले एक संयुग मर्क कंपनीतील रसायनतज्ज्ञांनी गुरांच्या पित्तातील आम्लापासून छत्तीसेक टप्प्यांच्या क्लिष्ट प्रक्रियेने तयार केले होते. 1948 साली फिलिप हेंच यांनी ते संधिवाताने जखडलेल्या एका रुग्णाला दिले आणि काही दिवसांत ती चालू लागली. कॉर्टिसोन या नावाने हे औषध जगभर गाजले. 1950 साली केंडल, हेंच आणि स्वित्झर्लंडचे तादेउश राइखस्टाइन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. कॉर्टिसोनचा पुरवठा तेव्हा अत्यल्प होता आणि जगाचे लक्ष संधिवाताकडे लागले होते.

विल्किन्स यांनी हे दुर्मीळ औषध भलत्याच ठिकाणी वापरण्याचे ठरवले, असे कोणालाही वाटले असते. ज्या मुलांच्या अधिवृक्क ग्रंथी आधीच अतिरेकी काम करत होत्या, त्यांना त्याच ग्रंथीचे आणखी हॉर्मोन का द्यायचे? उत्तर वर वर्णन केलेल्या साखळीत होते. बाहेरून कॉर्टिसोन मिळाले, तर पोष ग्रंथीची उणीव भागेल, ती हुकूम सोडणे थांबवील आणि अधिवृक्क ग्रंथी शांत होतील. 1950 साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी जन्मजात विकार असलेल्या एका रुग्णाला कॉर्टिसोनची इंजेक्शने दिली आणि पुरुषी हॉर्मोनांचे मूत्रातून बाहेर पडणारे अवशेष रोज मोजले. काही दिवसांतच ते प्रमाण झपाट्याने खाली आले. त्याच वर्षी बॉस्टनमध्ये फ्रेडरिक बार्टर आणि त्यांचे सहकारी स्वतंत्रपणे याच निष्कर्षाला पोहोचले. दोन्ही गटांना या शोधाचे श्रेय दिले जाते. पुढील काळात उपचार मिळालेल्या मुलींमध्ये स्त्रीत्वाची नैसर्गिक लक्षणे प्रकट झाली, मासिक पाळी सुरू झाली. आयुष्यभर ज्याला उपाय नाही असे समजले जात होते, तो विकार आटोक्यात आला.

एखादा संशोधक येथे थांबला असता. विल्किन्स यांचे खरे काम मात्र येथून सुरू झाले, कारण औषध सापडले तरी मात्रा सापडलेली नव्हती. कॉर्टिसोन कमी पडले, तर पुरुषी हॉर्मोने पुन्हा उसळतात, हाडे पुढे धावतात आणि वाढपट्ट्या अकाली मिटतात. जास्त झाले, तर चेहरा आणि पोट सुटते, हाडे ठिसूळ होतात आणि वाढच खुंटते. म्हणजे चुकीच्या दोन्ही दिशांचा शेवट एकच होता, बुटकेपणा. प्रौढ संधिवाताच्या रुग्णाला ही अडचण नसते, कारण त्याची उंची ठरून गेलेली असते. बालकाच्या बाबतीत प्रत्येक मिलिग्रॅमचा हिशेब त्याच्या उरलेल्या वाढीच्या वर्षांशी जोडलेला असतो. येथे विल्किन्स यांची जुनी सवय कामी आली. मनगटाची क्ष-किरण चित्रे, उंचीचे आलेख आणि मूत्रतपासणी यांची सांगड घालून त्यांनी प्रत्येक मुलासाठी वाढीला बाधा न आणता ग्रंथी शांत ठेवणारी मात्रा शोधण्याची पद्धत बसवली. या नोंदींतूनच आणखी एक गोष्ट उघड झाली. उपचार उशिरा सुरू झाला आणि हाडांचे वय बरेच पुढे गेलेले असले, तर पुरुषी हॉर्मोने दबताच शरीर खऱ्या तारुण्यात अकालीच पाऊल टाकते. गेलेली वर्षे औषधाने परत आणता येत नव्हती. म्हणून निदान लवकर व्हायला हवे, हा त्यांचा आग्रह होता.

मीठ गमावणाऱ्या बाळांसाठी मीठ आणि मीठ राखणारे हॉर्मोन, तापात किंवा शस्त्रक्रियेच्या वेळी वाढीव मात्रा, आणि आयुष्यभर अखंड उपचार, ही आजच्या व्यवस्थेची चौकट त्या दशकात तयार झाली. 1952 साली अपजॉन कंपनीच्या संशोधकांनी एका बुरशीच्या साह्याने कॉर्टिसोन बनवण्याचा छोटा मार्ग शोधला. मेक्सिकोतील रानकंदापासून मिळणारे प्रोजेस्टेरोन हा त्याचा कच्चा माल होता. औषध स्वस्त आणि मुबलक झाले. नाहीतर विल्किन्स यांची पद्धत मोजक्या मुलांपुरतीच राहिली असती.

1950 सालीच त्यांचा बालपण आणि किशोरावस्थेतील अंतःस्रावी विकारांवरील ग्रंथ प्रकाशित झाला. त्यातील बहुतेक निष्कर्ष त्यांनी स्वतः पाहिलेल्या, मोजलेल्या आणि वर्षानुवर्षे पाठपुरावा केलेल्या मुलांच्या नोंदींवर आधारलेले होते. हा ग्रंथ या शाखेचा पाया मानला गेला. त्यांच्या विभागात शिकण्यासाठी अमेरिकेतून आणि परदेशांतून तरुण डॉक्टर येऊ लागले. फ्रान्समधून आलेले क्लोद मिझॉन पुढे हॉपकिन्सचेच झाले. मेल्विन ग्रुमबाख, जडसन व्हॅन वाइक, रॉबर्ट ब्लिझर्ड यांनी ठिकठिकाणी स्वतंत्र विभाग उभारले. आल्फ्रेड बोंजोव्हानी आणि वॉल्टर एबरलाइन यांनी फिलाडेल्फियात नेमके कोणते एंझाइम सदोष असते, याचा छडा लावण्यात मोठा वाटा उचलला. नव्वद टक्क्यांहून अधिक रुग्णांत 21-हायड्रॉक्सिलेज नावाचे एंझाइम उणे असते, हे आज सर्वमान्य आहे. चेसापीकच्या उपसागरात शिडाच्या होडीने फिरणे हा विल्किन्स यांचा आवडता छंद होता. 1963 साली, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी त्यांचे निधन झाले. पुढे त्यांच्या शिष्यांनी स्थापन केलेल्या बालअंतःस्रावतज्ज्ञांच्या संस्थेला दीर्घकाळ त्यांचेच नाव होते.

या वारशाची दुसरी बाजू नजरेआड करता येत नाही. बाळ मुलगा की मुलगी, हा प्रश्न विल्किन्स यांच्या विभागासमोर सतत येत असे. त्यासाठी त्यांनी मानसशास्त्रज्ञ जॉन मनी आणि मानसोपचारतज्ज्ञ जोन व जॉन हॅम्पसन यांना सोबत घेतले. या मंडळींनी 1955 च्या सुमारास मांडलेल्या विचारानुसार मुलाची लिंगओळख प्रामुख्याने संगोपनाने घडते, म्हणून शैशवातच लिंग निश्चित करून शस्त्रक्रियेने शरीर त्याला अनुरूप करावे, असे धोरण रूढ झाले. ते जगभर पसरले. त्यामागे मुलाला आणि कुटुंबाला अवहेलनेपासून वाचवण्याची भावना होती. परंतु ज्यांच्या शरीरावर हे निर्णय झाले, ते निर्णयाच्या वेळी बोलू शकत नव्हते. 1990 च्या दशकापासून ही मुले प्रौढ होऊन बोलू लागली. अकाली झालेल्या शस्त्रक्रिया, वारंवारच्या तपासण्या, छायाचित्रे आणि घरात पाळली गेलेली गुप्तता यांनी दिलेल्या जखमा त्यांनी मांडल्या. 2005 साली शिकागो येथे झालेल्या तज्ज्ञांच्या बैठकीनंतर अवमानकारक जुन्या संज्ञा टाकून देण्यात आल्या आणि शस्त्रक्रियेबाबत अधिक सावधगिरी, कुटुंबाला संपूर्ण माहिती व रुग्णाचा सहभाग यांवर भर आला. मुलाचे म्हणणे ऐकले पाहिजे, हा मीठ खाणाऱ्या त्या मुलाने दिलेला धडा वैद्यकाला दुसऱ्यांदा शिकावा लागला, असेच म्हणावे लागेल.

मात्रेचा प्रश्नही संपलेला नाही. वाढत्या मुलांना आज बहुधा हायड्रोकॉर्टिसोन देतात आणि त्याची दिवसाची मात्रा शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला साधारण 10 ते 15 मिलिग्रॅम या मर्यादेत ठेवण्याचा प्रयत्न असतो. दिवसातून तीन वेळा गोळी द्यावी लागते आणि तरीही निसर्गाची लय हुबेहूब साधत नाही. पुरुषी हॉर्मोने दाबण्यासाठी अनेकदा शरीराच्या गरजेहून अधिक स्टेरॉइड द्यावे लागते आणि ते अनेक दशके चालते. म्हणून आता प्रश्न हाडांच्याही पलीकडे गेला आहे. गुणसूत्रांच्या टोकांवर टेलोमिअर नावाची संरक्षक आवरणे असतात. पेशी विभागत जातात तशी ती आखूड होत जातात, म्हणून त्यांची लांबी हा पेशीच्या वार्धक्याचा एक निर्देशक मानला जातो. या विषयावरील मूलभूत शोधासाठी 2009 साली नोबेल मिळवणाऱ्या तिघांपैकी कॅरल ग्रायडर तेव्हा हॉपकिन्समध्येच कार्यरत होत्या. लहानपणापासून स्टेरॉइड घेणाऱ्या मुलांच्या पेशींवर विकाराचा आणि औषधाचा असा काही ठसा उमटतो काय, हे संशोधक तपासत आहेत. विल्किन्स हाडांचे वय वाचत होते, त्यांचे वारसदार पेशींचे वय वाचू पाहत आहेत. 2024 च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने क्रिनेसरफॉन्ट या औषधाला चार वर्षांवरील रुग्णांसाठी मान्यता दिली. ते पोष ग्रंथीकडे जाणारा संदेशच मंद करते, त्यामुळे स्टेरॉइडची मात्रा कमी ठेवता येते. मूळ स्टेरॉइड मात्र त्याच्यासोबत घ्यावेच लागते.

हा विकार आनुवंशिक आहे. आई आणि वडील दोघेही सदोष जनुकाचे वाहक असतील, तर प्रत्येक गर्भारपणात मुलाला विकार होण्याची शक्यता चारात एक असते. वाहकांना स्वतःला काहीच त्रास नसतो. नात्यातील विवाहांत ही शक्यता वाढते, आणि महाराष्ट्रात मामेबहिणीशी विवाह करण्याची चाल अनेक समाजांत होती, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने पाच शहरांत लाखाहून अधिक नवजात बाळांची या विकारासाठी तपासणी केली, त्यांत मुंबई होती. तरीही देशभरातील प्रत्येक बाळाची सक्तीने तपासणी करणारी व्यवस्था तेथे अद्याप नाही. परदेशात जन्मलेल्या नातवाच्या टाचेतून आपोआप रक्त घेतले जाते, गावाकडे जन्मलेल्या पुतण्याच्या बाबतीत मात्र ते कुटुंबाने मागून करून घ्यावे लागते. बाळाच्या जननेंद्रियांविषयी शंका असेल, किंवा दुसऱ्या आठवड्यात ते वारंवार उलट्या करू लागले, दूध ओढेनासे झाले, वजन घटू लागले, तर हा विकार डॉक्टरांच्या विचारात आला पाहिजे. ज्या मुलांवर उपचार चालू आहेत, त्यांच्या पालकांनी प्रवासात हायड्रोकॉर्टिसोनचे इंजेक्शन आणि आजाराची माहिती देणारे पत्र जवळ बाळगण्याची शिफारस केली जाते. तापात मात्रा वाढवायची आणि उलट्यांमुळे गोळी पोटात राहत नसेल तर थांबून राहायचे नाही, हा नियम त्यांना पाठ असतो.

अशा मुलाच्या डाव्या हाताचे क्ष-किरण चित्र आजही ठरावीक काळाने काढले जाते. डॉक्टर ते प्रकाशासमोर किंवा संगणकाच्या पडद्यावर धरतात, मनगटातील छोटी हाडे मोजतात, वाढपट्ट्यांची रुंदी पाहतात आणि मग गोळीची मात्रा पाव-अर्धी बदलायची की आहे तीच ठेवायची, ते ठरवतात. कॉर्टिसोनच्या जागी नवी औषधे आली, मूत्राऐवजी रक्त तपासले जाऊ लागले. बाल्टिमोरच्या त्या दवाखान्यात बसलेली वाचनाची ही रीत मात्र बदललेली नाही.